मोटारीच्या क्लचची कुळकथा

मद्रासच्या रस्त्यांवर नित्य दिसू लागलेली पहिली मोटार अड्यारची. साल होते १९०१. पॅरी कंपनीचे एक संचालक अड्यारच्या बेन्स गार्डन्समध्ये राहत आणि आपल्या मोटारीतून रोज समुद्रकाठच्या कचेरीत जात. आज अड्यारच्या चौकात दिव्याच्या रंगाकडे डोळे लावून शेकडो गाड्या उभ्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या चालकांचा डावा पाय एका पट्टीवर टेकलेला असतो. त्या पायाखाली काय असावे, हा प्रश्न १९०१ मध्येही होता आणि आजही आहे. ज्याने आपल्या गाडीचे इंजिन मूळच्यापेक्षा बलवान करून घेतले आहे, त्याला तर तो अधिकच सतावतो.

पेट्रोलच्या इंजिनाला एक जन्मजात खोड आहे. वाफेचे इंजिन किंवा विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोराने ओढू शकते; पेट्रोलचे इंजिन मिनिटाला काहीशे फेरे घेत असल्याखेरीज कसलेही ओझे उचलीत नाही. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालून द्यावयाची, तर मध्ये कोणी मध्यस्थ हवा. त्या मध्यस्थाने दोन्ही पक्षांना काही क्षण सैल ठेवून मग हळूहळू घट्ट धरावयास हवे. हे काम क्लचचे. गाडी सुटताना थोडे घसरणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. सुटल्यावर मात्र त्याने तिळभरही घसरता कामा नये. एकाच वस्तूकडून या दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा करावयाची, यातच क्लचचा सारा इतिहास आला.

प्रारंभीच्या मोटारींत ही मध्यस्थी बहुधा चामड्याकडे असे. इंजिनाच्या जड चाकाला आतून शंकूच्या आकाराची खोलगट वाटी केलेली असे. तीत बसणारा दुसरा शंकू चामड्याने मढविलेला असे आणि एक जाड स्प्रिंग त्याला वाटीत दाबून धरी. चामड्याचा स्वभाव ज्यांनी मोट ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी पाहिला असेल, त्यांना पुढचे सांगावयास नको. ते कोरडे पडले की कडक होई आणि गाडी हिसका देऊन उडी घेई. त्यात तेल मुरले की नुसते गुळगुळीत फिरत राही. म्हणून चालकाच्या पेटीत दोन औषधे असत : कडक झालेल्या चामड्याला एरंडेल आणि तेलकट झालेल्या चामड्याला मुलतानी माती. ही माती शंकूवर शिंपडून घरी पोहोचावयाचे, ही त्या पिढीची सर्वमान्य युक्ती होती.

मद्रास इलाखा त्या वेळी चामड्याचे माहेरघर होता. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरलेला जो तरवड दिसतो, त्याच्याच सालीने तिकडची कातडी कमावली जात आणि ‘ईस्ट इंडिया’ या नावाने इंग्लंडच्या बाजारात विकली जात. पुढे १९४८ साली केंद्रीय चर्मसंशोधन संस्था अड्यारलाच निघाली. पण चामड्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अड्यारला सुरू झाला, तोवर मोटारीच्या क्लचमधून चामडे हद्दपार होऊन एक जमाना लोटला होता.

त्याला हद्दपार करणाऱ्या वस्तूची कथा डर्बीशरच्या डोंगराळ भागात सुरू होते. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थांनी १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अधिक पकडीच्या ठोकळ्यांचे प्रयोग आरंभिले. पुढे त्यांनी आपल्याच नावाच्या अक्षरांची उलटापालट करून आणि त्यांत एक अक्षर घालून ‘फेरोडो’ हे नाव काढले, आणि राळेत भिजविलेल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे लायनिंग बाजारात आणले. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडाचा कापूस. तो जळत नाही, कुजत नाही, विणता येतो आणि तापला तरी पकड सोडीत नाही. शंकू जाऊन त्याच्या जागी दोन्ही बाजूंना लायनिंग लावलेली एकच सपाट चकती आली. इंजिनाचे चाक आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती सापडते आणि दोघांबरोबर फिरू लागते. रचना इतकी साधी आणि चोख होती, की तिचा मूळ आराखडा आजतागायत टिकून आहे.

या यशाची किंमत मात्र भलत्यांनी चुकविली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ साली वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास वारली. तिची फुप्फुसे तपासली तेव्हा त्यांत त्याच तंतूंचे कण सापडले. १९३० च्या सरकारी चौकशीत या रोगाचा पसारा उघड झाला आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांसाठी नियम झाले; पण ब्रिटनमध्ये या वस्तूवर जवळजवळ पूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडावे लागले. भारतात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. या रोगाची क्रूरता अशी, की तो वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे दबा धरून बसतो. क्लच उघडून आतली काळी धूळ हवेच्या झोताने उडविणाऱ्या पोराला आपण काय हुंगीत आहोत, याची त्या दिवशी कल्पनाही नसते.

आता शोलावरमकडे वळावयास हरकत नाही. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानपट्टी ओस पडली होती. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि या पट्टीवर मोटारींच्या शर्यती भरू लागल्या. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबची स्वतःची धावपट्टी १९९० मध्ये तयार होईपर्यंत शर्यतशौकिनांची पंढरी हीच. येथे धावणाऱ्या देशी गाड्यांत मराठी माणसाच्या ओळखीचे एक नाव होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या, मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाट गाड्या. दुसरी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यातली.

घरगुती वापराच्या या गाड्यांची इंजिने हजार घनसेंटिमीटरच्या आगेमागे असत. त्यांचे माथे घासून दाब वाढवावयाचा, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवावयाचे, कॅमशाफ्टची ठेवण बदलावयाची, असे उद्योग करून हौशी कारागीर त्यांतून बरीच अधिक शक्ती काढीत. मग एके दिवशी निशाण पडे, इंजिन आरोळी ठोकी, आणि गाडी जागच्या जागी धूर सोडीत राही. क्लच जळाला! परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ होता. परदेशातून शर्यतीचा क्लच मागविणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. तेव्हा त्याच डब्यात अधिक ताठ स्प्रिंगा घालाव्या, हा सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय वाटे.

हेराल्डच्या बाबतीत हा उपाय महाग पडणारा होता. त्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देण्याचे काम अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन पातळ चकत्यांवर सोपविलेले असे. चालक पट्टी दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा सारा जोर क्रँकशाफ्टला पुढे रेटतो आणि तो या चकत्यांवर येतो. स्प्रिंगा जितक्या ताठ, तितका रेटा मोठा. आणि निशाणाची वाट पाहत चालक पट्टी दाबून बसला, तर त्या चकत्या झिजत राहतात. झिजून झिजून त्या खाली तेलाच्या पेटीत पडल्या, की इंजिनाचा ठोकळाच निकामी होण्याची वेळ येते. पकड बळकट करावयास जावे आणि ज्याच्यासाठी ती केली तेच गमवावे, असा हा व्यवहार.

मूळ हिशेब तसा शाळकरी आहे. क्लच किती पिळा सहन करील, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : लायनिंगचा घर्षणांक, दाबाचा जोर, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. समजा, घर्षणांक ०.३ आहे, दाब ४,००० न्यूटन, त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि पृष्ठे दोन. तर क्लच २१६ न्यूटन-मीटर पिळा धरील. इंजिन १५० न्यूटन-मीटरचे असेल तर हातात चव्वेचाळीस टक्के शिल्लक राहते. तेच इंजिन २०० पर्यंत चढविले, की शिल्लक उरते अवघी आठ टक्के. क्लच तापला, थोडा झिजला, की ती शिल्लक संपली.

आता चारांपैकी काय वाढवावे? चकती मोठी करावी तर डब्यात जागा नसते. दाब तीस टक्के वाढविला तर क्षमता २८० च्या घरात जाते. पण पायालाही तितकाच भार पडतो आणि क्रँकशाफ्टच्या चकत्यांनाही. याबाबत जुन्या वेटोळ्या स्प्रिंगांपेक्षा नंतर आलेली पडद्यासारखी वाटोळी पोलादी स्प्रिंग पुष्कळ शहाणी ठरली. लायनिंग झिजू लागले की वेटोळ्या स्प्रिंगांचा दाब उतरतो. या स्प्रिंगेचा आरंभी उलट किंचित चढतो, आणि पाय दाबावयास ती हलकी असते. चकत्या दोन घातल्या तर घासणारी पृष्ठे चार होतात आणि क्षमता एकदम दुप्पट. मात्र खर्च, वजन आणि गुंतागुंत हीही वाढतात. राहता राहिला घर्षणांक. धातूची पूड आणि चिनीमातीसारखे पदार्थ भट्टीत एकजीव करून केलेले तुकडे ०.४ किंवा त्याहूनही अधिक पकड देतात आणि भयंकर उष्णता सोसतात. पण ते धरतात तेव्हा एकदम धरतात. शर्यतीत हे चालते, कारण तेथे गाडी एकदाच सुटते. लॅटिस ब्रिज रोडवरून मध्य कैलासच्या देवळापर्यंत संध्याकाळी जाणाऱ्याला ती तीस वेळा सोडावी लागते. प्रत्येक वेळी हिसका बसतो, आणि तो गिअरबॉक्सचे दाते, सांधे आणि इंजिनाचे रबरी पाये निमूटपणे सोसतात.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. क्लच घसरतो म्हणून दुप्पट ताकदीचा क्लच आणणाऱ्याने आधी एवढे पाहावे, की तो खरोखर अपुरा पडला आहे की इंजिनामागच्या सीलमधून गळणाऱ्या तेलाने त्याला नासविले आहे. १९०१ च्या चामड्याचा हा शत्रू अजून जिवंत आहे, आणि त्यावर मुलतानी मातीचा उतारा आता चालत नाही. सील बदलल्यावाचून नवी चकती घातली तर तीही महिन्या-दोन महिन्यांत तीच वाट धरील. रस्त्यावर चालवावयाच्या गाडीला इंजिनाच्या नव्या पिळ्याहून तीस-चाळीस टक्के अधिक क्षमता पुरेशी होते. ती तंतूंच्याच लायनिंगने आणि थोड्या वाढीव दाबाने साधत असेल, तर चिनीमातीच्या वाटेला जाऊ नये. डुलक्या घेत चालणाऱ्या क्लचपेक्षा कधीच न घसरणारा क्लच अधिक मर्दानी वाटतो खरा. पण त्याने वाचविलेली चकती स्वस्त असते आणि त्याने मोडलेला गिअरबॉक्स महाग.

लायनिंगचे तंतू कोणते, हे मात्र विचारून घ्यावे. रेन समूहाने १९६४ साली मद्रासमध्ये लायनिंगचा कारखाना काढल्यापासून हे शहर या धंद्याचे मोठे ठाणे बनले. ॲस्बेस्टॉसच्या जागी काच, तांब्याची तार आणि १९६५ च्या सुमारास अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीच्या संशोधनातून पुढे आलेला अरामिड तंतू यांचे लायनिंग आता सर्रास मिळते. जुन्या हेराल्डसाठी किंवा फियाटसाठी पुदुपेट्टैच्या सुट्या भागांच्या बाजारात जेव्हा वीस-तीस वर्षे पडून राहिलेली कोरी चकती सापडते, तेव्हा तिच्या कोरेपणावर भुलू नये. तिच्यात जुना दगडी कापूस असण्याचा पुष्कळ संभव असतो. अशा गाडीचा क्लच उघडताना आतली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट बंद पिशवीत टाकावी. हे काम करणारा बहुधा मालक नसतो, गॅरेजमधला सर्वांत लहान मुलगा असतो.

चकतीबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावे, कारण ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि त्या मजुरीत दोन्ही वस्तू येऊन जातात. इंजिनाच्या चाकाचा पृष्ठभाग निळसर डागांनी करपला असेल तर तो लेथवर घासून घ्यावा. नवे लायनिंग आपल्या जोडीदाराशी जुळण्यास आठशे किलोमीटरच्या आसपास चाल लागते. तोवर बलवान इंजिनाच्या मालकाने आपल्या हौसेला आवर घालावा आणि अड्यारच्या गर्दीतून इतरांसारखेच, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश जावे.