बसंती केदार आणि गवयाचा मेंदू

* जोडराग : कोल्हापूरचे दरबारगायक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या गायकीत जोडरागांना, म्हणजे बसंत आणि केदार गुंफणाऱ्या बसंती केदारसारख्या दोन रागांच्या मिश्रणांना, मानाचे स्थान आहे. या गायकीला ‘बुद्धिप्रधान’ म्हटले जाते. या विशेषणामागचे काम केवढे मोठे आहे, ते सांगायलाच हवे.

तार षड्ज बसंतातही आहे, केदारातही. तिथून उतरताना कोमल धैवत लागला की बसंत, शुद्ध लागला की केदार. हा निर्णय क्षणात घ्यायचा, तोही त्रितालाच्या सोळा मात्रांतली सम लक्षात ठेवून!

असे काम मेंदूतली एकटीदुकटी पेशी करत नाही. समोरची खूण नाहीशी झाल्यावरही कपाळामागच्या मेंदूभागातील काही पेशी तिची आठवण धरून सक्रिय राहतात, हे फुस्टर आणि अलेक्झांडर या संशोधकांनी १९७१ मध्ये माकडांत दाखवले. २०१३ मध्ये व्हॅलेरियो मांते आणि सहकाऱ्यांनी माकडांना पडद्यावर हलते रंगीत ठिपके दाखवले. कधी रंगावरून उत्तर द्यायचे, कधी दिशेवरून. आश्चर्य असे की नको असलेली माहितीही याच भागातल्या पेशीसमूहापर्यंत पोचत होती, ती आधीच अडवली जात नव्हती. संदर्भ बदलला की साऱ्या समूहाच्या एकत्रित हालचालीची वाट बदले आणि निर्णय त्या वाटेवर ठरे.

हे प्रयोग माकडांवरचे आहेत, गवयांवरचे नव्हेत. तरी षड्जावरची निवड याच जातीची आहे, असे संपादकाला वाटते. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा बसंती केदार ध्वनिमुद्रित आहे. वाचकांनी तो ऐकताना धैवताकडे कान ठेवावा. — संपा.