मरीआई ते मेडिकल

चिखली तालुक्यातलं अमडापूर काय, किंवा वऱ्हाडातलं दुसरं कोणतंही गाव काय, जुनी माणसं कॉलऱ्याला पटकी म्हणायची, नाहीतर नुसतंच मरी. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचा. गाडा शिवेपार गेला की रोगही गेला, अशी श्रद्धा. आज ढाळ-वांती झाली की आपण मेडिकलवर जातो. पट्टीतल्या दोन गोळ्या कापून घेतो आणि बरं वाटलं की विसरतो. जंतू मात्र त्या गोळ्या विसरत नाही.

टेट्रासायक्लिन हे एकेकाळी कॉलऱ्यावरचं हुकमी औषध होतं. १९७७ साली टांझानियात साथ आली, तेव्हा आजारी नसलेल्यांनाही ते सरसकट वाटलं गेलं. पाच महिन्यांत तिथल्या तीन-चतुर्थांश जंतूंवर ते चालेनासं झालं. औषधाने साधे जंतू मारले, दाद न देणाऱ्यांना रान मोकळं करून दिलं.

१९९२ मध्ये मद्रासमध्ये कॉलऱ्याचा नवाच प्रकार सापडला, ओ १३९. त्याच्याकडे जनुकांची एक पुडी होती. सल्फा, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन अशा अनेक औषधांना तोंड देण्याची सोय तिच्यात एकत्र होती. ही पुडी एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. पुढे ओ १३९ मागे पडला आणि जुना एल टॉर परतला, तो तशीच पुडी घेऊन.

हे सगळं दूरचं वाटेल. पण विदर्भातच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९० ते २००५ या काळातल्या कॉलरा जंतूंचा बदलता चेहरा नोंदवून ठेवला आहे. जंतू तेव्हाही बदलत होता, आजही बदलतो.

मग उपाय काय? कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. प्रतिजैविकाने जुलाब लवकर थांबतात, पण जीव वाचवतं ते पाणीच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर शोषली जाताना मिठालाही सोबत नेते, आणि त्यामागोमाग पाणी जातं. या साध्या युक्तीवर जंतूला अजून तोड सापडलेली नाही.

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे लगेच सुरू करायचं आणि दवाखाना गाठायचा. गोळी कोणती, ते डॉक्टर ठरवतील.

२०२२ च्या पावसाळ्यात मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली. मरी अजून शिवेपार गेलेली नाही. तिचा रस्ता विहिरीवरूनच जातो, आणि तो तिथेच अडवावा लागेल.