जोडीदाराला चौथ्या स्टेजचा कॅन्सर: भोकरदनसारख्या ठिकाणाहून उपचार आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं?

केमोच्या दिवशी घर पहाटेच जागं होतं. फाइल, आधार कार्ड, रेशनकार्ड, पोळीचा डबा आणि गाडीत उलटी झालीच तर लागणारी पिशवी. भोकरदनहून छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर पहिली एसटी धरावी लागते. मागे मुलांची शाळा, जनावरांचा चारा आणि वेचणीला आलेली कपाशी तशीच राहते.

कॅन्सर एकाला होतो, पण नवरा-बायको दोघांचंही रोजचं आयुष्य बदलतं. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर हा प्रवास काही महिने, कधी काही वर्षंही चालतो. अशा वेळी जोडीदाराने नेमकं काय करायचं?

'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे काय?

कॅन्सर मूळ जागेवरून हाडं, यकृत, फुप्फुसं किंवा मेंदूत पसरला की त्याला साधारणपणे चौथी स्टेज म्हणतात. या टप्प्यावर बहुतेक वेळा आजार मुळापासून काढणं शक्य नसतं. तो आटोक्यात ठेवणं, त्रास कमी करणं आणि चांगले दिवस वाढवणं हा उपचारांचा हेतू असतो. काही प्रकारांत औषधांवर अनेक वर्षंही निघतात.

म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. हा उपचार बरं करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? त्याने फायदा किती आणि त्रास किती? उपचार घेतला नाही तर काय होईल? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत, कारण त्या खोलीत ऐकलेलं बाहेर आल्यावर निम्मंही आठवत नाही. शेत विकायचं की नाही, हा निर्णय या उत्तरांनंतरच घ्यावा, आधी नाही.

उपचार कुठे आणि पैसे कुठून?

मराठवाड्यासाठी संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे. त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलशी ते जोडलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नसते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. त्यात केमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया यांचाही समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटावं. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर आहे.

योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलमधून आधीच काढून ठेवावा.

मुंबईला जावंच लागलं तर?

टाटा मेमोरियल रुग्णालयामागेही एका जोडप्याची गोष्ट आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. या आजारासाठी भारतात रुग्णालय उभारण्याचा त्यांचा विचार पुढे १९४१ मध्ये परळला प्रत्यक्षात आला.

भोकरदनमध्ये रेल्वे नाही. जालना किंवा संभाजीनगरहून गाडी पकडावी लागते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट मोफत असतं, तर सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन असे पर्याय आहेत.

आणखी एक गोष्ट. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर अनेकदा रेडिएशनची एकच बैठक पुरते. रोज येणं शक्य नसेल तर "कमी फेऱ्यांत होईल का?" असं डॉक्टरांना नक्की विचारावं.

घरी कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं?

खालीलपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावं.

- केमोनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.
- पाठीत नवं, तीव्र दुखणं आणि पायांतली ताकद जाणं किंवा लघवीवर ताबा न राहणं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ही खूण असू शकते.
- दम लागणं, न थांबणारा रक्तस्राव, अचानक गोंधळल्यासारखं वागणं.

कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचं ताट, अंथरूण वेगळं करण्याचं कारण नाही. केमोनंतरचे दोन-तीन दिवस उलटी-लघवी साफ करताना मात्र हातमोजे घालावेत.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता काही होत नाही' का?

नाही. दुखणं, मळमळ, झोप आणि मनाची घालमेल यांवरचा हा उपचार आहे आणि तो केमोसोबतच सुरू करता येतो. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांचे दिवस जास्त बरे गेलेच, शिवाय आयुष्यही सरासरी जवळपास पावणेतीन महिन्यांनी जास्त निघालं.

मॉर्फिनचीही अनेकांना भीती असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दुखण्यासाठी घेतलं तर सहसा त्याचं व्यसन लागत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलल्यानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्यावं.

आजारी बायको असेल तर?

नवरा आजारी पडला की बायको सोबत राहणार, हे घर गृहीतच धरतं. उलट झालं तर चित्र बदलतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात गंभीर आजार स्त्रीला झाला तेव्हा सुमारे २१ टक्के जोडपी विभक्त झाली. आजार पुरुषाला होता तेव्हा हे प्रमाण ३ टक्के होतं.

आपल्याकडे घटस्फोट कमी होतात, पण "थोडे दिवस माहेरी राहून ये" हे वाक्य ओळखीचं आहे. केमो घेणाऱ्या बाईने चुलीपाशी उभं राहू नये, हे घरात कोणीतरी ठामपणे सांगावं लागतं. ते काम नवऱ्याचं आहे. स्वयंपाक, तिचे केस गळताना सोबत असणं, औषधांच्या वेळा पाळणं हीसुद्धा शुश्रूषाच.

घरात सांगायचं का?

"त्यांना कळलं तर खचतील" म्हणून अनेक घरांत रुग्णापासूनच आजार लपवला जातो. पण कॅन्सर वॉर्डाची पाटी रुग्णही वाचतो. लपवाछपवीत दोघंही एकटे पडतात. "तुम्हाला किती माहिती हवी आहे?" असं विचारून, झेपेल तेवढं सांगावं.

मुलांनाही साध्या शब्दांत सांगावं: आईला कॅन्सर आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, तुला जेवायला कोण देईल हे ठरलेलं आहे. बँकेतलं वारसाचं नाव, विमा, सातबारा ही बोलणी रुग्ण शुद्धीत आणि निवांत असताना, त्याच्यासमोरच व्हावीत. याला कोणी अपशकुन म्हणेल, पण नंतर तहसीलच्या फेऱ्या मारणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

"काही लागलं तर सांगा" असं सगळेच म्हणतात. तेव्हा खरंच सांगावं, आणि नेमकं सांगावं. दिराने गुरुवारी केमोला जायचं, शेजारच्या काकूंनी मुलांचा डबा करायचा, मेहुण्याने फवारणी बघायची.

झोप उडाली, जेवण जाईना, सतत रडू येत असेल तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी आजाराचा विषय काढू नये. चहा घेऊन ओट्यावर बसावं, गावातल्या गप्पा माराव्यात. रुग्णालाही त्या संध्याकाळी पुन्हा नवरा किंवा बायको होऊन बसता येतं.