मागे मोठं, पुढे लहान

1960 साली अमेरिकन होंडाच्या लॉस एंजेलिसमधल्या कचेरीत विक्रीचे आकडे पाहताना विक्री सांभाळणारे जॅक मॅकॉर्मॅक बुचकळ्यात पडले. कंपनीनं अमेरिकेत बस्तान मांडून जेमतेम वर्ष झालं होतं. होंडा 50 ही चिमुकली गाडी शहरातल्या माणसानं बाजारहाटाला, कॉलेजला जायला घ्यावी, असा हिशेब होता. प्रत्यक्षात आयडाहो राज्यातल्या बॉइसीचा एकटा डीलर लॉस एंजेलिसच्या सगळ्या डीलरांना मागे टाकत होता. तेव्हा पन्नास हजारांचीही वस्ती नसलेलं, डोंगराच्या पायथ्याचं ते गाव. तिथे असं कोण एवढ्या गाड्या घेत होतं?

मॅकॉर्मॅक स्वतःच बघायला गेले. त्या डीलरच्या, हर्ब उल यांच्या दुकानात भानगड उघड झाली. उल गाडी आली तशी विकतच नव्हते. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, काढून तिथे बरंच मोठं बसवायचे, गुळगुळीत टायरांच्या जागी गोटेदार टायर चढवायचे आणि ती डोंगरवाटेची गाडी म्हणून विकायचे. गिऱ्हाईक होते शिकारी आणि मासे पकडायला जाणारे हौशी लोक. इंजिनाला उल यांनी हातही लावला नव्हता.

या बदलामागचं गणित शाळकरी आहे. समजा पुढच्या स्प्रॉकेटला 15 दाते आहेत आणि मागच्याला 45, म्हणजे पुढचं तीनदा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे एक दात कमी करून 14 केलं की गुणोत्तर 3.21 होतं. चाकावरचा जोर सात टक्क्यांनी वाढतो आणि ज्या आरपीएमवर गाडी ताशी 80 किलोमीटर पळत होती त्याच आरपीएमवर ती 75 च्या आत येते. मागचं चक्र बदलून साधारण तेवढाच फरक साधायचा तर तिथे तीन दाते वाढवावे लागतात. म्हणून कमी पैशांत काम उरकायचं असेल तर आजही लोक पुढच्या लहान चक्राला हात घालतात. पण उल यांना सात टक्क्यांनी काय होणार? साडेचार अश्वशक्तीचं इंजिन, वर बंदूक, तंबू, शिधा घेऊन बसलेला धिप्पाड माणूस आणि समोर खडा चढ. त्यात उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला सुमारे तीन टक्क्यांनी घटते. दोन हजार मीटरवर पोचेपर्यंत त्या साडेचारातलीही पाचव्या हिश्श्याच्या आसपास गेलेली. एवढा फरक भरून काढायला मागे भलंमोठं चक्रच हवं होतं.

डोंगरात जायला इंजिनाचं वाहन ही कल्पना काही उल यांची नव्हे. युटातल्या राल्फ बोनहॅम यांची ‘टोट गोट’ नावाची गाडी तिथल्या शिकाऱ्यांना तोवर माहीत झाली होती. दणकट सांगाडा, गवत कापायच्या यंत्राला शोभेल असं इंजिन आणि चालणाऱ्या माणसाशी स्पर्धा करणारा वेग. मेलेलं हरीण लादून आणायला ती उत्तम, पण त्याच गाडीनं गावातून डोंगरापर्यंत जायचं म्हटलं की पंचाईत. होंडाची सुपर कब, म्हणजेच अमेरिकेतली होंडा 50, मात्र मुळात रस्त्यावर चालणारी होती. 1958 साली जपानात ती निघाली तेव्हा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्यालाही एका हातानं चालवता यावी, हे डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं. म्हणून तिला हाताचा क्लच नाही. आरपीएम वाढले की क्लच आपोआप धरतो, कमी झाले की सोडतो. दगडांतून मुंगीच्या पावलांनी चढताना गाडी बंद पडत नाही, नवख्याचीसुद्धा नाही. शहरासाठी शोधलेली ही सोय जंगलात जास्त कामाला आली, यात गंमत आहेच.

मॅकॉर्मॅक यांनी उल यांच्याकडची एक गाडी जपानला पाठवायची व्यवस्था केली आणि अशीच बनवा म्हणून कळवलं. 1961 मध्ये ट्रेल 50 बाजारात आली, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीनं वर्षभरात निर्णय घेऊन मालही पाठवला. पायांपुढचं प्लास्टिकचं आवरण गेलं, चेनवरचं बंद कव्हर गेलं, मागे सामानाचं कॅरियर आलं. आणि मागच्या हबवर शेजारी शेजारी दोन स्प्रॉकेटं आली, एक रस्त्याचं आणि एक डोंगराचं.

दोन चक्रांची ही युक्ती कशी वापरायची ते पाहण्यासारखं आहे. डांबरी रस्ता संपला की गाडी स्टँडवर लावायची. पक्कड घेऊन चेन लॉक काढायचं, चेन सोडवायची, सोबत आणलेला जादा कड्यांचा तुकडा दुसऱ्या लॉकनं तिला जोडायचा आणि लांब झालेली चेन मोठ्या चक्रावर चढवायची. मग ताण बघायचा. परतताना हेच उलट्या क्रमानं. हात काळे होणार, लॉकची बारीक पट्टी गवतात उडाली की शोधत बसावं लागणार. तरीही यामाहाची ट्रेलमास्टर, सुझुकीची हिलबिली अशा गाड्यांनी हीच तऱ्हा उचलली. स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटांच्या कटकटीपेक्षा खिशातला डॉलर मोठा वाटतो, हे सगळ्यांनी अचूक ओळखलं होतं.

होंडानं 1964 मध्ये 87 सीसीची ट्रेल 90 आणली. पुढे काही वर्षांतच इंजिनाखाली एक छोटा जादा गिअरबॉक्स बसवून चेनची उस्तवार संपवली. एक खटका फिरवला की सगळे गिअर जवळपास दुपटीनं जड व्हायचे आणि पक्कड पिशवीतच राहायची. याच वंशातली सीटी 110 नंतर ऑस्ट्रेलियात टपाल वाटत गल्लोगल्ली फिरली, शेतांवर मेंढ्यांमागे धावली. टपालखात्यानं लिलावात काढलेल्या या लाल गाड्या घेऊन हजारो किलोमीटरच्या मुलुखगिरीला निघणारेही तिथे कमी नाहीत.

1968 ची यामाहा डीटी-1 वेगळ्या वाटेनं आली. 246 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, लांब हालचालीचं सस्पेन्शन, अंगानं बारीक आणि तरीही दिवा, नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालणारी. तोवर मोठ्या इंजिनाच्या गाडीनं डोंगरात जायचं तर रस्त्याची जड मोटरसायकल सोलून हलकी करावी लागे. पुढे ज्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणू लागले त्या गाड्यांची घडण डीटी-1 नं घालून दिली, असं बहुतेक इतिहासकार मानतात आणि ते रास्तच आहे. पण तिच्यासाठीही यामाहानं सिलिंडर, पिस्टन, कार्ब्युरेटरचा ‘जीवायटी’ किट विकायला ठेवला. उल यांच्यासारखे लोक खटपट करणारच, तर ती आपल्याच काउंटरवरून व्हावी, एवढा व्यवहार कंपन्यांना कळून चुकला होता.

भारतात हा खेळ फार उशिरा आला. मोठं कारण म्हणजे अशी स्वस्त गाडीच नव्हती. दुधाचे कॅन लटकवून बांधावरून जाणारी पुण्याच्या बजाजची एम-80 कामाला होंडाच्या ट्रेलची चुलत बहीण शोभेल, पण तिला कुणी साहसाची गाडी म्हटलं नाही. 2011 मध्ये हीरोनं इम्पल्स आणली. उंच सस्पेन्शन, पुढे 19 इंची चाक, सगळं ठाकठीक, फक्त 150 सीसीच्या इंजिनात दम कमी. हौशी मंडळींनी तिच्यात हीरोच्याच करिझ्मा या गाडीचं 223 सीसीचं इंजिन बसवायला सुरुवात केली. इंजिन बदललं की नोंदणीचा प्रश्न येतो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा फेरफारांना मोकळीक देत नाही. ज्यांना आरटीओची पायरी चढायची नव्हती त्यांच्यासाठी गॅरेजवाल्याचा सल्ला तोच जुना होता: चेन-सॉकेट बदलताना पुढे एक दात कमी टाकून बघा.

तो सल्ला फुकट मात्र नाही. पुढचं चक्र जितकं लहान तितकी चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासू लागते. मागचं मोठं केलं तर चेन लांब घ्यावी लागते. हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं. काही नव्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. तिथे दाते बदलले की मीटर खोटं बोलायला लागतं, तेही हिशेबात धरावं लागतं. म्हणून जाणते लोक आधी टायर आणि हँडलची उंची बदलतात, इंजिनाखाली जाड पत्रा लावतात आणि एक-दोन लांब फेऱ्या झाल्यावर मगच स्प्रॉकेटला हात घालतात.

2019 मध्ये हीरोची एक्सपल्स 200 आली. पुढे 21 इंची, मागे 18 इंची चाक, किंमत आवाक्यातली. तिच्यासाठी कंपनीनं रॅली किटही काढला. त्यात लांब, हवं तसं जुळवता येणारं सस्पेन्शन आणि गोटेदार टायर होते. होंडानं 2020 मध्ये सीटी 125 या नावानं ट्रेलला पुन्हा जन्म दिला, तेव्हा जादा गिअरबॉक्सचा खटका मात्र गाळला. त्याऐवजी सुपर कबपेक्षा मोठं मागचं स्प्रॉकेट कारखान्यातूनच बसवून दिलं.