एक अनामिका

जी गोष्ट आपण वर्गांत वीस वर्षें शिकविली ती आपण धड वाचलीच नव्हती, असें कबूल करण्याचा प्रसंग शिक्षकावर क्वचितच येतो. जॉन स्टाइनबेक (१९०२–१९६८) या अमेरिकन लेखकाची 'ऑफ माइस अँड मेन' ही १९३७ सालची लघुकादंबरी शिकवीत असतां तो माझ्यावर आला. एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, कर्लीच्या बायकोचें नांव काय?" मीं पुस्तक चाळलें. नांव कोठेंच नव्हतें! तोंवर या बाईला 'मोहिनी' या एका शब्दांत निकालांत काढून मी पुढें जात असें.

कथा थोडक्यांत अशी. कॅलिफोर्नियांतील सॅलिनस नदीच्या खोऱ्यांत जॉर्ज व लेनी हे दोन फिरस्ते मजूर एका मळ्यावर कामास येतात. लेनी देहानें राक्षस, बुद्धीनें बालक. मऊ वस्तु कुरवाळण्याचा त्याला नाद. स्वतःच्या तुकडाभर जमिनीचें दोघांचें स्वप्न आहे. मळ्यावरील साहेबाचा मुलगा कर्ली याचें लग्न होऊन दोनच आठवडे झाले आहेत. एका रविवारीं दुपारीं सारे पुरुष घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळांत दंग असतां, कोठारांत लेनीच्या हातून, त्याच्या मनांत नसतां, कर्लीची बायको मरते. तो जमावाच्या हातीं लागूं नये म्हणून जॉर्ज स्वतःच त्याला गोळी घालतो. वाचकाच्या डोळ्यांना पाणी येतें तें या दोन मित्रांसाठीं. त्या बाईचें मरण ही त्या शोकाची केवळ एक पायरी ठरते.

या कथेंत लेनीच्या दिवंगत मावशीला नांव आहे; जवळच्या शहरांत कुंटणखाने चालविणाऱ्या दोघींनाही नांवें आहेत. साहेबाला नांव नाहीं हें खरें. पण त्याचा अधिकार हीच त्याची ओळख. हिची ओळख मात्र दुसऱ्याच्या मालकीची आहे. हा लेखकाचा निष्काळजीपणा म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. तो त्या काळाचाच लेख आहे.

मळ्यावरील मजूर तिच्याशीं बोलत नाहींत, आणि आपण समजतों कीं ते शीलाला जपत आहेत. पण शनिवारीं शहरांतल्या त्या घरांकडे जाण्यास त्यांना संकोच वाटत नाहीं. त्यांना भय आहे तें भाकरीचें. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत कामकऱ्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. अशा दिवसांत साहेबाच्या संशयखोर मुलाच्या बायकोशीं दोन शब्द बोलणें म्हणजे गांठोडें बांधून पुन्हां रस्त्याला लागणें. तिला वाळींत टाकलें तें नीतीनें नव्हे, मंदीनें.

कायद्याच्या दृष्टीनें स्त्री तेव्हां अगदींच परकी नव्हती. कॅलिफोर्नियानें १९११ सालीं व साऱ्या देशानें १९२० सालीं तिला मताधिकार दिला होता. परंतु मंदी येतांच हात आखडला. पति-पत्नी दोघेंही संघ-सरकारच्या नोकरींत असल्यास कपातीच्या वेळीं त्यांतील एकाला आधीं कमी करावें, असें १९३२ च्या काटकसरीच्या कायद्यांत एक कलम होतें. त्यापायीं घरीं बसावें लागलें तें बहुतेक बायकांना. तें कलम रद्द झालें १९३७ सालीं, म्हणजे ही कादंबरी निघाली त्याच वर्षीं. कर्लीची बायको नोकरदार नव्हती. पण विवाहितेला नवऱ्याच्या घराबाहेर जागा नाहीं, हा जो विचार त्या कलमामागें होता, तोच तिच्या दारावर कुलूप होऊन बसला होता.

सुटकेची एकच वाट तिला ठाऊक होती. १९२७ पासून बोलपट आले आणि हॉलिवुडनें गांवोगांवच्या मुलींना भुरळ घातली. तेथून पत्र पाठवीन, असें एका पुरुषानें तिला सांगितलें होतें. पत्र आलें नाहीं. आईनेंच तें दडविलें असा तिचा ग्रह झाला, आणि त्या रागांत तिनें कर्लीशीं लग्न केलें. जॉर्ज-लेनीच्या जमिनीइतकेंच हें स्वप्न खरें होतें; पण त्यांच्या स्वप्नाला ऐकणारे होते. हिचें स्वप्न ऐकलें एकट्या लेनीनें, आणि तेंही न समजतां.

म्हणून तिला देवता करूं नये. पागेवरील क्रुक्स या कृष्णवर्णीय मजुराला ती फासावर लटकविण्याची धमकी देते. आणि त्या काळच्या अमेरिकेंत ही धमकी पोकळ नव्हती. जिला कोठेंच सत्ता नाहीं तिला आपल्याहून दुबळा माणूस सांपडतांच ती काय करते, हें लेखकानें झांकलेलें नाहीं.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेनीसारखा मजूर आपण खरोखर पाहिला होता व त्यानें मारलें तें मुकादमाला, असें स्टाइनबेकनें १९३७ सालीं एका मुलाखतींत सांगितलें होतें. म्हणजे मुकादमाच्या जागीं स्त्री आणली ती लेखकानें. मुकादम मेला असता तर ती मालक-मजुरांच्या झगड्याची कथा झाली असती. आतां ती दुबळ्याच्या हातून दुबळ्याच्या मरणाची झाली. पुढें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ही भूमिका करणाऱ्या क्लेअर ल्यूस या नटीला त्यानें १९३८ सालीं पत्र लिहून कळविलें, त्याचा आशय असा कीं, धाक आणि संशय यांतच ही मुलगी वाढली, तिला माणूस म्हणून कोणीं पाहिलेंच नाहीं. १९३९ च्या बोलपटानें तिला 'मे' हें नांव दिलें. पुस्तकांत ती अजून तशीच आहे.

कथेचा आरंभ होतो सोलेदाद गांवाजवळ. हें नांव १७९१ सालीं तेथें स्थापन झालेल्या स्पॅनिश ख्रिस्ती मठाचें. त्याचा अर्थ एकांत. पुत्रशोकानें एकाकी झालेल्या मेरीमातेच्या नांवानें तो मठ होता. एका एकाकी स्त्रीचें नांव त्या भूमीला मिळालें. दुसरीला तें त्याच भूमींत मिळालें नाहीं.

हल्लीं ही कादंबरी शिकवावयास घेतों तेव्हां पहिल्याच तासाला मी तो प्रश्न विचारतों. मुलें पानें चाळूं लागतात. मी थांबतों.