मनोकायिक विकार : उपचार आणि भोपाळचा अनुभव

मनोकायिक विकार : मानसिक ताणामुळे उद्भवणारे, बळावणारे किंवा रेंगाळणारे शारीरिक विकार. ‘मनोदैहिक’ ही संज्ञाही रूढ आहे. धडधड, धाप, पोटदुखी, डोकेदुखी, अंगाला खाज ही नेहमीची लक्षणे. दुखणे खरे असते. रुग्ण सोंग करत नसतो.

कारणे : ताणात अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. हृदयाचे ठोके व श्वास जलद होतात, स्नायू आखडतात, आतड्यांची हालचाल बिघडते. मात्र घाईने मनाला दोष देणेही चूक. जठरव्रण पूर्वी मनोकायिक मानला जाई; १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू सापडला आणि जठरव्रणाचे उपचारच बदलले.

भोपाळचा अनुभव : २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. अनेकांच्या फुप्फुसांना व डोळ्यांना इजा झाली. जोडीला आप्तांचे मृत्यू आणि कायमची धास्ती आली. फेब्रुवारी ते मे १९८५ मध्ये लखनौच्या मानसोपचार पथकाने सर्वसाधारण दवाखान्यांतील ८५५ रुग्ण तपासले. १९३ जणांना मानसिक विकार आढळला. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे आर. श्रीनिवास मूर्ती व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दवाखान्यांतील डॉक्टरांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण दिले. वायुपीडिताची धाप जखमी फुप्फुसांची, भीतीची की दोन्हींची, हे तपासल्याविना सांगता येत नाही. ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची बोळवण करणे हा अन्यायच.

उपचार : आधी पुरेशी शारीरिक तपासणी करतात, नंतर त्याच चाचण्या उगाच पुन्हा करत नाहीत. एकच डॉक्टर ठरावीक दिवशी भेटल्यास, दुखणे वाढल्याशिवाय कोणी विचारत नाही ही रुग्णाची भावना ओसरते. बोधनिक वर्तनोपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलणारा उपचार), श्वसन व शिथिलीकरणाचा सराव, झेपेल तेवढा व्यायाम आणि नियमित झोप यांचा उपयोग होतो. खिन्नता किंवा चिंता तीव्र असल्यास नैराश्यरोधी औषधे देतात. दमा, रक्तदाब यांची मूळ औषधे बंद करायची नसतात. घरच्यांनाही आजार समजावून सांगावा लागतो.

हबीबगंज : शरीर व मन या दोन्हींचे उपचार एकत्र मिळण्याची सोय भोपाळमध्ये या भागात आहे. हा शहराच्या दक्षिणेकडील नव्या वस्तीचा भाग. जवळच साकेतनगरात एम्स हे रुग्णालय आहे. तेथे शरीराचे आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. या विकारांच्या रुग्णाला नेमकी याचीच गरज असते. एका दाराने त्याला दुसऱ्या दाराकडे हाकलू नये.