मोडी, बाळबोध आणि हिशेब

अभ्यासक्रमाच्या तात्त्विक अधिष्ठानाची चर्चा आपल्याकडे बहुधा आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद अशा वादांच्या यादीने सुरू होते आणि त्या यादीतच संपते. या चर्चेत रूसो आणि ड्यूई भेटतात. जोतीराव फुले भेटतात ते समाजसुधारक म्हणून. अभ्यासक्रमाचे चिंतक म्हणून क्वचितच. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे, हंटर आयोगाला सादर केलेले त्यांचे इंग्रजी निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचावे, असे आम्हांला वाटते.

अभ्यासक्रम ठरवणारा प्रत्येकजण एका प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन बसलेला असतो: हे शिक्षण कोणासाठी? मेकॉलेने १८३५ मध्ये मूठभरांसाठी असे उत्तर दिले. वरच्यांना शिकवावे, ज्ञान खाली झिरपेल. वुडच्या १८५४ च्या खलित्याने सामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी शब्दांत मान्य केली. तरीही सरकारचे झुकते माप उच्च शिक्षणाकडेच राहिले, हीच फुल्यांची तक्रार आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. मग त्यातला रयतेच्या शाळेचा वाटा इतका अल्प का, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

या सवालातूनच त्यांचा अभ्यासक्रम निघतो. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब. इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख. शेतीचे प्राथमिक ज्ञान. नीती आणि आरोग्य यांवरील काही पाठ. शेतीच्या पाठांना जोडून एक छोटे नमुना शेत असावे, अशीही सूचना आहे. शिक्षक कसा असावा? नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला न लाजणारा.

यादीत मोडीचे नाव इतक्या वर का यावे? बाळबोध ही छापील पुस्तकाची लिपी. मोडी कर्जरोख्यांची, खतांची, कुलकर्ण्याच्या दप्तराची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे हिसकावून जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. स्वतःच्या नावावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती कागद जाळण्यावाचून फारसे काही उरत नाही. दंग्यांनंतर सात वर्षांनी आलेल्या या यादीत आम्हांला त्या आगीची धग जाणवते. हा अर्थ आमचा. पण १८८३ मध्ये फुल्यांनी पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील कागदोपत्री नाडवणुकीची वर्णने त्याला बळ देतात. येथे साक्षरता हा अलंकार नाही. ते संरक्षण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच शिकवायची, तर त्याला बापाच्याच जागी खिळवून ठेवणे झाले नाही काय? आक्षेप वजनदार आहे. मात्र फुल्यांच्या यादीत शेती एकटी नाही; तिच्या शेजारी इतिहास आणि व्याकरण आहे. शिवाय शिष्यवृत्त्या केवळ स्पर्धेवर दिल्याने मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, हेही ते बजावतात. म्हणजे वर जाणारी वाटही त्यांच्या नजरेसमोर होती.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. दोन्ही विचारांत हाताला मान आहे. भेद आहे तो खर्चाच्या बाजूला. मुलांच्या श्रमातून शाळेने आपला भार उचलावा, अशी वर्धा योजनेची अपेक्षा. फुल्यांच्या मते तो खर्च रयतेने करांतून आधीच चुकता केला आहे. एका बाजूला स्वावलंबन, दुसऱ्या बाजूला हक्क. कृतिशिक्षण या एकाच शीर्षकाखाली दोहोंना कोंबले की हा भेद पुसला जातो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचे योजले आहे. त्याकडे पाहताना फुल्यांची कसोटी हाताशी असावी: सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला इतिहासही तितकाच मिळतो ना? आणि साहित्य शिकवणाऱ्या आपल्यापुरते बोलायचे तर आपण विद्यार्थ्याला कविता वाचायला शिकवतो. त्याच्याविषयी इतरांनी लिहून ठेवलेले कागदही त्याला वाचता येतात काय, हे तपासणे आपलेच काम आहे.